हिलाल सरांचं कृष्णविवर

पारोळ्याहून धुळ्याकडे जाणाऱ्या एसटीत हिलाल सर चढले की कंडक्टर त्यांना दाराजवळची एकट्याची सीट मोकळी करून द्यायचा. सरांना वाटायचं, हा मास्तरकीचा मान. मान कसला, शेजारी बसणाऱ्याचा जीव वाचावा एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा. सरांच्या शेजारी बसलेला प्रवासी धुळ्याला उतरायचा तो तिकिटाच्या पैशांत आख्खं विश्व डोक्यावर घेऊन, आणि ज्या कामाला आलो ते काम विसरून.

तसा माणूस लाखात एक. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या बांधाला हात नाही. व्यसन एकच, बोलायचं. आणि बोलायचं ते आकाशाबद्दल.

हिलाल बोरसे धुळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झाले तेव्हा वर्गात पहिले होते म्हणतात. म्हणतात म्हणजे तेच म्हणतात. पुढे पुण्याला जाऊन त्यांना ताऱ्यांचा अभ्यास करायचा होता. घरच्यांनी त्याऐवजी बी.एड. करायला लावलं, पाठोपाठ लग्न लावलं आणि गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञानाचे मास्तर म्हणून चिकटवून दिलं. पुण्यात जे बोलायचं राहून गेलं ते सगळं मग त्यांनी गावात बोलून घ्यायचं ठरवलं, आणि गावाने काही गुन्हा केलेला नसताना गावाची शिक्षा सुरू झाली.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. शहाऐंशी साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा सर धूमकेतूवर बोलले. धूमकेतू शहाणा, तो निघून गेला. खरी साडेसाती चौऱ्याण्णवला लागली. अवकाशातल्या मोठ्या दुर्बिणीने कन्या राशीच्या दिशेला असलेल्या एका थोराड दीर्घिकेच्या पोटात डोकावून पाहिलं, तिथे वायू गरागरा फिरताना दिसला, आणि मधोमध काहीतरी अतोनात जड, डोळ्यांना न दिसणारं बसलेलं आहे असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. बातमी पेपरात आतल्या पानावर, कपाशीच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली, चार बोटांची आली. गावात ती एकट्या हिलाल सरांनी वाचली, आणि गावाचे ग्रह फिरले.

पुण्यातल्या भाच्याने त्यांना इंग्रजी मासिकांची रद्दी आणून दिली. सर त्यात बुडाले ते बुडालेच. खरं सांगायचं तर त्यातली गोष्ट होतीच वेड लावणारी. मोठ्या दीर्घिकांच्या मधोमध सूर्याच्या कोट्यवधी पट जड कृष्णविवर असतं. आसपासचा वायू त्याच्याभोवती गरगरत आत पडतो. पण सगळाच आत जात नाही. काही भाग दोन्ही टोकांनी बाहेर फेकला जातो, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, हजारो प्रकाशवर्षं लांब असे दोन झोत. आणि गंमत पुढेच आहे. हा झोत एखाद्या थंड, दाट ढगाला जाऊन भिडला तर तो ढग दाबला जातो आणि त्यात नवे तारे पेटतात. तसा एक निळसर ठिपका शास्त्रज्ञांना ऐंशीच्या दशकात दिसलाही होता. पण झोत जोरकस असला आणि चालूच राहिला, तर भोवतालचा वायू तापलेलाच राहतो. तो निवत नाही, गोळा होत नाही, आणि ताऱ्यांचा जन्मच थांबतो. ढीगभर माल भोवती पडलेला असून दीर्घिकेत नुसते म्हातारे, लालसर तारे उरतात. या शेवटच्या भागावर तेव्हा शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं, वाद चालले होते. हिलाल सरांचं मात्र एकमत झालं होतं.

आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला त्याच्यावर भाषणं होतात. जिवंतपणी ज्याला कुणी चहा विचारला नाही त्याच्यासाठी माइकवर एकामागून एक माणसं गहिवरतात. अशाच एका दहाव्याला, नदीकाठी, सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द म्हणजे दोनच, हे सरांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. गेलेला माणूस परत येत नाही, जसा कृष्णविवरात गेलेला प्रकाश, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. लोकांना ते आवडलंही. पण प्रकाशावरून ते वायूवर गेले, वायूवरून झोतांवर, आणि ऊन डोक्यावर आलं तरी सर दीर्घिकेच्या बाहेर पडेनात. शेवटी मयताचा थोरला भाऊ उठला आणि हात जोडून म्हणाला, "गुरजी, मरेल माणूस आम्हना शे, भोक तुम्हनं शे. आते पानी सोडू द्या. कावळा कव्हयना वाट देखी राहिना."

लोक हसले. दहाव्याला हसू नये, तरी हसले. लोकही काही धुतल्या तांदळाचे नव्हते म्हणा. त्याच माइकवर शाळेच्या संस्थेचे चेअरमन स्वतःच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनवर सरांच्या दुप्पट बोलले होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण चेअरमनच्या हातात नोकऱ्या होत्या, सरांच्या हातात फक्त विश्व.

सरांना या हसण्याचं काही वाटलं नाही. थोर माणसांना जग हसतंच, हे त्यांना पाठ होतं. घरी येऊन त्यांनी राहिलेलं भाषण बायकोपुढे पूर्ण केलं. वच्छलाबाई समोर सूप घेऊन गहू निवडत बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून नवरा बोलायला लागला की त्या धान्य निवडायला घेत, त्यामुळे या घराइतके स्वच्छ गहू तालुक्यात दुसरीकडे नव्हते.

आता या सगळ्या बोलण्यामागे सरांची एक खरी इच्छा होती, आणि ती हसण्यासारखी नव्हती. गावात दहावीपर्यंतच शाळा. पुढे आर्ट्सची अकरावी कशीबशी सुरू झालेली. सायन्स घ्यायचं तर पारोळा नाहीतर धुळं, आणि मुलींना तिथे पाठवायला घरचे तयार नसत. गावातच अकरावी सायन्स निघावी, म्हणून सरांनी संस्थेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. अखेर चेअरमननी कबूल केलं: यंदाच्या दहावीतून पुरेशी पोरं तयार झाली तर वर्ग काढू. त्या वर्गातलं पहिलं नाव कुणाचं, हेही सरांनी गावभर सांगून ठेवलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी कुंदा यंदा दहावीत होती. पोर हुशार, तोंडाने कमी, डोळ्यांनी सगळं टिपणारी. कुंदाने सायन्स घ्यावं, आपण पुण्याला गेलो नाही ते तिने जावं, यापलीकडे त्या माणसाला आयुष्यात काही नको होतं.

ती लहान असताना उन्हाळ्यात सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर झोपत, तेव्हा तिने आकाशाकडे बोट दाखवलं की सर सुरू होत. सर थांबत तेव्हा पोर झोपलेली असे. सर कौतुकाने म्हणत, ऐकता ऐकता समाधी लागते तिची.

पोरं तयार करायची म्हणून सर त्या वर्षी दुप्पट बोलले. तासाला बोलले, मधल्या सुट्टीत बोलले, प्रार्थनेनंतर पोरं उन्हात उभी असताना बोलले. कुणी हात वर केला की सरांना भरून येई. प्रश्नाचं पहिलं अक्षर ऐकूनच त्यांना उत्तर सुचे, आणि पहिल्या उत्तरातून दुसरं. प्रश्न बिचारा वर केलेल्या हातासारखा अवघडून जाई आणि हळूच खाली येई.

शेजारच्या गावच्या शाळेत प्रमिलाबाई विज्ञान शिकवत. म्हणजे सरांच्या मते शिकवत नव्हत्या. बाईंची पदवी इतिहासाची. विज्ञानाला मास्तर मिळेना म्हणून तो विषय त्यांच्या गळ्यात पडलेला. आणि तरी दरवर्षी त्यांच्या शाळेतली पोरं-पोरी हट्टाने सायन्सला जात. कुणी धुळ्याला खोली घेऊन राही, कुणी मामाच्या दारात जाऊन पडे. हे काय गौडबंगाल आहे ते बघायला सर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात बाईंच्या टेबलाशी गेले. टेबलावर पाण्याची बादली, त्यात एक लिंबू तरंगतंय, एक सोललेलं बुडालंय. दोन पोरी आणि एक पोरगा त्यावरून हमरीतुमरीवर आलेले. बाई मागे खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"बाई, यांना कारण सांगत नाही तुम्ही?" सरांनी विचारलं.

"मलाच नक्की ठाऊक नाही, सर," बाई म्हणाल्या. "सांगतील तीच. सकाळपासून भांडताहेत."

सरांना राहवलं नाही. त्यांनी लिंबू उचललं आणि घनतेपासून सुरुवात केली. साल, सालीतली हवा, पाणी, समुद्र, ग्रह. थोड्या वेळाने पोरगा पाणी प्यायला गेला, मग एक पोरगी, मग दुसरी. सर कृष्णविवरापर्यंत आले तेव्हा समोर बादली होती आणि शेंगा संपलेल्या बाई. सर घरी येऊन बायकोला म्हणाले, "ती बाई काहीच शिकवत नाही गं. नुसतं नशीब आहे तिचं." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा इतका मोठा की गावाला चक्कर मारून आला तरी त्याला स्वतःखालचा अंधार सापडत नव्हता.

जानेवारीत सरांनी शेवटचा डाव टाकला. दहावीच्या वर्गाला शेतात भरताची पार्टी. आमच्या खानदेशात थंडीत भरीत आहे म्हटलं की मेलेला माणूस उठून येईल. अभिमन आबा म्हणून सरांचे चुलते होते, त्यांच्या मळ्यात हिरवी-पांढरी मोठाली वांगी उतरवली, पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवल्या, त्या जाळात वांगी भाजली. पोरींनी सालं काढली. लाकडी बडगीत वांगी ठेचली गेली, वर मिरची, लसूण, कांद्याची पात. पुऱ्यांचा डबा उघडला. वासाने पोरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. आणि सर उभे राहिले.

"जेवणाआधी थोडंसं," ते म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. कुंदाने पुऱ्यांच्या डब्यावर झाकण घातलं.

एक कबूल करायला हवं. सर त्या दिवशी फार सुंदर बोलले. त्यांनी घरून फुंकणी आणली होती. जाळ बसला होता, निखाऱ्यांवर राख धरली होती. सरांनी फुंकणीला तोंड लावलं, हलकी फुंकर मारली. राखेखालचा निखारा लाल झाला, काडीचं टोक पेटलं. "हा बघा, तारा जन्मला," सर म्हणाले, आणि पोरं खरंच पुढे सरकली. "कृष्णविवराचा झोत थंड ढगाला असा भिडला की तारे पेटतात. पण हाच झोत जोरात आला, थांबेचना, तर काय होईल?" एका पोराने तोंड उघडलं. सर म्हणाले, "मी सांगतो. दूध तापवलं, विरजण घातलं, आणि तुम्ही ते चुलीवरून उतरवतच नाही, वरून ढवळतच बसलात. लागेल दही? नाही लागणार! दुधाला निवू दिलं पाहिजे. एका जागी राहू दिलं पाहिजे. तसं त्या वायूला निवूच दिलं नाही तर तारा होणार कसा? मधे बसलेला तो महाकाय आपल्याच जोरात असतो. त्याला वाटतं आपण केवढा उजेड पाडतोय. आणि भोवती एक नवा तारा जन्माला येत नाही!"

 मग मागे कुणीतरी फिसकन हसलं. दोघींनी ओढणी तोंडात कोंबली. इतकं स्पष्ट, इतकं सोपं सरांनी वर्षभरात कधी शिकवलं नव्हतं. मळ्यातल्या प्रत्येक पोराला ते कळलं. अभिमन आबांना कळलं, आणि ते शाळेचं तोंड न पाहिलेले. एकट्या हिलाल सरांना कळलं नाही.

"सर, भरीत थंड व्हई राहिनं," एक पोरगा म्हणाला.

"आता प्रत्यक्षच दाखवतो," असं म्हणून सरांनी छाती भरून घेतली आणि फुंकणीत जीव ओतला. निखारा विझला. राख मात्र उठली. वाऱ्याने ती उचलली आणि आख्खीच्या आख्खी उघड्या बडगीतल्या भरतावर नेऊन अंथरली. हिरवं भरीत बघता बघता करडं झालं. सर आनंदाने ओरडले, "बघितलंत? बघितलंत?"

पोरांनी बघितलं. त्यांनी मिठाशी कोरड्या पुऱ्या खाल्ल्या आणि सर अजून झोतांची लांबी सांगत असताना एकेक करून बांधाबांधाने घरी गेली. बडगी घासायला कुंदा मागे राहिली.

फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ झाला. चेअरमन, हार, श्रीफळ, सगळं यथासांग. शेवटी मुख्याध्यापक धनसिंग सर पोरांना म्हणाले, "अकरावीला इथेच आर्ट्स घेणारे हात वर करा बघू." हात वर गेले. वर्गात जणू शेतातलं पीकच उभं राहिलं. "आणि सायन्सचा वर्ग निघाला तर कोण येईल?" हिलाल सर पहिल्या रांगेजवळ उभे होते. त्यांनी मान वळवून पोरांकडे पाहिलं, हसऱ्या तोंडाने, लग्नात वरबाप पाहतो तसं. एकही हात उठला नाही. सरांची नजर मुलींच्या बाकांवर गेली. कुंदा खाली बघत होती. तिचा हात आर्ट्सला वर गेला होता, हे त्यांनी मघाशी पाहिलंच नव्हतं. आता शेजारची पोरगी तिला कोपराने ढोसत होती आणि तरी ती मान वर करत नव्हती, तेव्हा उमगलं.

चेअरमन म्हणाले, "चला, बरं झालं, प्रयोगशाळेचा खर्च वाचला." आणि मग ते बोलायला उभे राहिले.

सर घरी चालत आले. वाटेत कुणाशी बोलले नाहीत, त्यामुळे पारावरची माणसं घाबरली. कुणीतरी पाठीमागून येऊन वच्छलाबाईंना विचारूनही गेलं, घरात काही बरंवाईट झालं का म्हणून.

दिवेलागणीला ते ओसरीवर बसले. कुंदा परातीत पीठ मळत होती. वच्छलाबाई चुलीपाशी.  रागावावं असं सरांच्या मनात होतं, पण राग येत नव्हता, नुसतं आतून खचल्यासारखं होत होतं.

"कुंदा," ते म्हणाले, "वर्गातली पोरं जाऊ दे. तू का गं? तुझं तर आकाशावर केवढं प्रेम होतं."

कुंदाचे हात थांबले नाहीत. "आते बी शे."

"मग?"

तिने आईकडे पाहिलं. वच्छलाबाई भाकर उलटत नवऱ्याला म्हणाल्या, "पोर काय सांगस ते आयका. तुम्ही जरा दम खावा."

सरांनी तोंड मिटलं. त्यांना ते जड गेलं, पण मिटलं.

"माले एक इचारनं व्हतं, नाना," कुंदा हळू म्हणाली. "धाकली व्हतू तव्हयपाईन. धाब्यावर निजूत तव्हय. तुम्हनं बोलनं सरनं म्हंजे इचारसू, अशी वाट देखी. ते सरनंच नही. शाळामा बी नही, घरमा बी नही. मंग माले वाटनं, जठे आपले इचाराले जागाच नही तठे कसाले जावो?"

 भाकरीचा वास येत होता. सरांना पहिल्यांदा कळलं की घरात इतकी शांतता असू शकते, आणि त्या शांततेत आपली पोर कशी दिसते. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं. तिची हनुवटी त्यांच्या आईसारखी होती, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. आपण काय केलं ते त्या क्षणी त्या माणसाला लख्ख दिसलं, त्या दूरच्या दीर्घिकेपेक्षा जवळ आणि स्वच्छ.

"काय विचारायचं होतं, बेटा?" त्यांनी विचारलं. आणि खरोखर थांबले.

कुंदाने पिठाचा गोळा हातात घेतला. भुवया आक्रसून तिने आठवायचा प्रयत्न केला. वर पाहिलं, ओसरीच्या आढ्याकडे, जणू पलीकडे आकाश असावं. सर श्वास रोखून बसले. वच्छलाबाईंचा हात तव्यावर थांबला.

"आते याद नही, नाना," ती म्हणाली. "खूप वरीस व्हई गयात."

सरांच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांनी ते उपरण्याने टिपलं, नाक पुसलं. मग ते एकदम पुढे सरकून बसले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"थांब, थांब," ते म्हणाले. "तू काय विचारणार होतीस ते मी सांगतो."

आणि त्यांनी सुरुवात केली. कुंदाने मान डोलावली आणि दुसरा गोळा थापायला घेतला. तिला सवय होती.